पुण्यात मुलांसह नव्याने आलात? पहिल्या वर्षासाठी थोडं मार्गदर्शन

दरवर्षी एप्रिल-मे आला की आमच्या भागात टेम्पो लागायला सुरुवात होते. लातूर, नागपूर, जळगाव, सांगली. आणि अलीकडे बंगळूर-हैदराबादची नोकरी सोडून परत आलेलेही. सामान लागतं, गॅस येतो, नेट सुरू होतं, आणि मग आई-बाबांचा ठरलेला प्रश्न येतो : "इथे मुलांसाठी चांगले क्लास कुठले?" माझं उत्तरही आता ठरलंय. पहिले तीन महिने कुठलाच लावू नका.

मूल नव्या गावात रुळतं ते तीच चार-पाच पोरं रोज त्याच जागी भेटल्यामुळे. क्लासमध्ये तासभर शेजारी बसलेला मुलगा तास संपला की बाबांच्या गाडीवर बसून निघून जातो. त्याचं आडनावसुद्धा कळत नाही. म्हणून पहिल्या वर्षी काहीही निवडताना मी लोकांना तीनच प्रश्न विचारायला सांगते. घरापासून चालत पंधरा मिनिटांत आहे का? रोज किंवा निदान दर आठवड्याला होतं का? आणि तिथे दर वेळी तीच माणसं असतात का? तिन्हींचं उत्तर 'हो' असेल तर बाकीचं नावबिव फार बघू नका.

पहिला आठवडा : कागद, व्हॅन, डॉक्टर

हे रटाळ काम आहे, पण आधी उरका. शाळा सोडल्याचा दाखला, मागच्या वर्षाचं प्रगतिपुस्तक, जन्मदाखला, आधार आणि लसीकरणाचं कार्ड, या सगळ्यांच्या तीन-तीन झेरॉक्स काढून एका फाइलला लावा. जुन्या शाळेकडून दाखला यायला वेळ लागत असेल तर घाबरू नका. शिक्षण हक्क कायद्यानुसार आठवीपर्यंत सरकारी किंवा अनुदानित शाळेला केवळ दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. खासगी विनाअनुदानित शाळांचं गणित वेगळं असतं. तिथे काय लागेल ते ईमेलवर लेखी विचारून घ्या, काउंटरवरच्या तोंडी उत्तरावर जाऊ नका.

परराज्यातून येत असाल आणि मुलाचं मराठी वाचन कच्चं असेल तर त्याकडे आताच लक्ष द्या. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी हा सक्तीचा विषय आहे. "आमची सीबीएसई आहे, आम्हाला काय" असं म्हणून चालत नाही.

व्हॅनवाल्या काकांना फोनवर न ठरवता प्रत्यक्ष भेटा. गाडीत एकूण किती मुलं, तुमचं मूल कितवं चढणार आणि कितवं उतरणार, सोबत मावशी असतात का, हे विचारा. पहिलं चढून शेवटचं उतरणाऱ्या मुलाचा दिवस सव्वा-दीड तासाने लांबतो आणि ते घरी येतं तेव्हा खेळायचं त्राण उरत नाही. दोन व्हॅन असतील तर पाच-पन्नास रुपयांचा फरक बघण्यापेक्षा हा क्रम बघा.

डॉक्टर चालत जाता येईल असा बघा. रात्री अकराला ताप चढला की शहरातल्या नामांकित डॉक्टरांपेक्षा कोपऱ्यावरचे डॉक्टर उपयोगी पडतात. राहिलेल्या लसी महापालिकेच्या दवाखान्यात मोफत मिळतात. जुनं कार्ड घेऊन गेलात की पुढच्या तारखा तिथे मांडून देतात. घरातल्या फ्रिजवर दोन नंबर लिहून ठेवा : ११२ आणि मुलांच्या मदतीसाठीचा १०९८. मुलांनाही ते पाठ करायला लावा.

संध्याकाळी खाली उतरा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि फुकट आहे, म्हणून लोक ती सोडून देतात.

बहुतेक सोसायट्यांत आणि वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींत मुलांची खेळायची वेळ साडेपाच ते साडेसात असते. दुपारी दोन ते चार खेळू नये अशी पाटी असेल तर ती मनापासून पाळा. पुण्यात वामकुक्षी मोडण्याला क्षमा नाही. पहिले पंधरा दिवस आई-बाबांपैकी कोणीतरी, नाहीतर घरातले आजी-आजोबा, मुलासोबत खाली उतरा. बाकावर बसा, पण मोबाइल घरी ठेवून. "हा आमचा अथर्व, बी विंगमध्ये आलोय, चौथीत आहे" एवढी ओळख पुरे. मुलाला पुढे ढकलून "जा, त्यांना विचार, मला घेता का" असं म्हणायला लावू नका. मुलं असं विचारत नाहीत. ती आधी लांब उभी राहून बघतात, मग बाहेर गेलेला चेंडू आणून देतात, मग एखादा गडी कमी पडतो आणि ती आत असतात. हे व्हायला चार-पाच दिवस लागतात. तेवढे जाऊ द्या.

मूल लहान असेल, चार-पाच वर्षांचं, तर मोठ्या मुलांना सांगून त्याला 'कच्चा लिंबू' करून घ्या. कच्चा लिंबू सगळ्यांबरोबर पळतो, लपतो, ओरडतो, पण त्याच्यावर राज्य येत नाही आणि तो बाद होत नाही. ज्या कोणी पोरांनी ही सोय पहिल्यांदा काढली ती बालवाडीच्या कुठल्याही बाईंपेक्षा हुशार असली पाहिजेत. सहा-आठ महिन्यांत मूल स्वतःच भांडायला लागतं, "मी आता कच्चा लिंबू नाही, माझ्यावरपण राज्य द्या." त्या दिवशी ते रुळलं असं समजायला हरकत नाही.

खेळांचे नियम प्रत्येक गावात थोडे निराळे असतात. लगोरी रचताना पाय लागला तर बाद की नाही, डब्बा ऐसपैसमध्ये चुकीचं नाव घेतलं तर काय, विषामृतात अमृत किती जणांनी द्यायचं, यावरून पहिल्या आठवड्यात भांडणं होणारच. "आमच्या नागपूरला असं नसतं" हे वाक्य ऐकू आलं की मध्ये पडू नका. वाद घालायला जमणं हीही ओळखच आहे. बोलण्याच्या लकबीवरून चिडवणंही होतं. 'करून राहिलो' म्हणणाऱ्याला दोन दिवस हसतात आणि पंधरवड्यात हसणारेच तसं बोलायला लागतात. पण चिडवणं महिनाभर एकाच मुलावर आणि एकाच विषयावरून चालू राहिलं, मूल खाली जायला कारणं सांगू लागलं, तर मात्र त्या मुलांच्या आईला भेटा. घरी जाऊन, चहा पिता पिता. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कधीही नाही.

त्या ग्रुपबद्दल एक : पहिले दोन महिने फक्त वाचा. कोण चिडतं, कोण मदत करतं, कोण नुसतं अंगठा दाखवतं, ते कळतं. खरी माहिती हवी असेल तर ग्रुपपेक्षा संध्याकाळचा आजी-आजोबांचा कट्टा गाठा. कुठल्या बाईंकडे पाळणाघर चांगलं, कुठल्या काकांचा जिना चढताना मुलांनी आवाज करायचा नाही, कोणाकडे जुनी सायकल पडून आहे, हे सगळं तिथे माहीत असतं.

दोघंही नोकरीला जात असाल तर

पाळणाघर बघायला सकाळी वेळ ठरवून जाऊ नका. दुपारी साडेतीन-चारला, न कळवता जा. मुलं झोपेतून उठायची ती वेळ. कोण रडतंय, त्याला कोण घेतंय, टीव्ही चालू आहे का, वास कसा येतोय, सगळं पाच मिनिटांत कळतं. आत येऊ देत नसतील तर उत्तर मिळालं. मग उरलेले प्रश्न : स्वयंपाक तिथेच होतो का, शाळेची व्हॅन दारात सोडते का, मुलाला न्यायला आई-बाबांखेरीज कोण येऊ शकतं याची नोंद ठेवतात का, दिवाळीत आणि मे महिन्यात किती दिवस बंद असतं. शेवटचा प्रश्न लोक विसरतात आणि ऐन ऑक्टोबरमध्ये गावाकडच्या आजीला रातोरात बोलावणं धाडतात.

त्याच इमारतीतलं किंवा शेजारच्या गल्लीतलं घरगुती पाळणाघर, ऑफिसजवळच्या चकचकीत पाळणाघरापेक्षा मला बरं वाटतं. तिथली मुलं संध्याकाळी खाली पुन्हा भेटतात.

वाचनालय

लक्ष्मी रस्त्यावरचं पुणे नगर वाचन मंदिर १८४८ सालचं, नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय १९११ चं. शहराच्या मध्यभागी राहत असाल तर यांपैकी एकाचं सभासदत्व घ्याच, आणि मुलांच्या पुस्तकांचं कपाट कुठे आहे ते जाऊन आधी बघा. उपनगरात असाल तर तुमच्या भागातलं छोटं वाचनालय शोधा. एखाद्या फ्लॅटच्या हॉलमध्ये किंवा मंदिराच्या मागच्या खोलीत चालणारं असलं तरी चालेल. वार ठरवा. शनिवारी संध्याकाळी वाचनालय, मग येताना भेळ, असा क्रम लागला की मूल भेळेसाठी का होईना, जातं. पुस्तक मुलाने निवडायचं. सलग चार वेळा भुताचंच घेतलं तरी घेऊ द्या.

बालभारतीचं 'किशोर' हे मासिक १९७१ पासून निघतंय आणि वर्गणी अगदी परवडणारी आहे. मुलाच्या नावाने पोस्टाने येणारी गोष्ट आता घरात दुसरी कुठली येत नाही. म्हणून अंकावर नाव मुलाचंच घाला.

तीन महिने झाले, आता क्लास

आता मुलाला विचारा. एव्हाना त्याला स्वतःचं उत्तर असतं, कारण खालचा कोणीतरी मित्र कराट्याला जातो आणि कोणीतरी तबल्याला. एकच निवडा. दोन नकोत. आणि गणित भरभर करायला शिकवणारे, स्मरणशक्ती वाढवणारे, पहिलीच्या मुलाला कोडिंग शिकवणारे क्लास यंदा तरी सोडा. माझं हे मत अनेक आयांना पटत नाही, याची मला कल्पना आहे.

पुण्यात मुलाला द्यावी अशी एक गोष्ट म्हणजे मल्लखांब. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी तो नावारूपाला आणला असं मानतात, आणि महाराष्ट्रीय मंडळासारख्या संस्थांनी तो इथे टिकवला. हे मंडळ कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी १९२४ मध्ये काढलं. कुठल्याही आखाड्यात संध्याकाळी जाऊन नुसतं उभं राहा. मधोमध पुरलेला, वर निमुळता होत गेलेला सागवानी खांब, एरंडेल चोळून चोळून काळपट झालेला. बाजूला छताला टांगलेला दोर. आठ वर्षांची मुलगी पायाच्या अंगठ्यात दोर धरते, सरसर वर जाते, कमरेभोवती एक वेढा घेते आणि हात सोडून पद्मासन घालून बसते. खाली रांगेत बसलेली मुलं तिच्याकडे बघतही नसतात. एकमेकांना कोपरखळ्या मारत आपल्या पाळीची वाट बघत असतात. तीन-चार महिने तर मुलाला नुसत्या बैठका, जोर आणि खांबाला बिलगायचा सराव करावा लागतो. मांड्या आणि दंड आतून खरचटतात. "ताई, पुढचं कधी शिकवणार" असं मूल घरी कुरकुरतं. कुरकुरू द्या. फी इतर क्लासांच्या मानाने कमी असते, कपडे म्हणजे लंगोट किंवा आखूड घट्ट चड्डी-बनियन, आणि स्पर्धेत सगळी एका संघाची असल्यामुळे मुलं एकमेकांना धरून असतात. जवळ आखाडा नसेल तर खो-खोचं मैदान शोधा. तिथेही हेच.

कुठलाही क्लास लावताना वर्षभराची फी एकदम भरू नका. एक महिना भरा. शिकवणाऱ्या सरांना किंवा ताईंना मुलाचं नाव दुसऱ्या आठवड्यात आठवतंय का, हे बघा. पालकांनी बाहेर थांबून बघायला हरकत घेतात का, तेही बघा.

रविवार

दर रविवारी मॉलमध्ये जाणाऱ्यांना माझं काही सांगणं नाही. बाकीच्यांनी सुरुवात पर्वतीपासून करावी. १०३ पायऱ्या, सहा वर्षांचं मूल न थकता चढतं, आणि वरून सगळं शहर एका नजरेत येतं. आपलं घर कुठल्या बाजूला, शाळा कुठे, नदी कुठून वाहते, हे बोट दाखवून सांगितलं की नव्या गावाची भीती निम्मी होते. सकाळी साडेसहा-सातला जा, ऊन चढायच्या आत उतरा.

सारसबाग आणि पेशवे उद्यान एकाच फेरीत होतात. मेट्रोने स्वारगेटला उतरून चालत जाता येतं, आणि लहान मुलांना जमिनीखालून धावणाऱ्या त्या गाडीचंच अर्धं कौतुक असतं. पेशवे उद्यानातली फुलराणी ही मुलांची छोटी आगगाडी १९५६ सालची. तिच्यात बसलेल्या मुलांचे आजोबाही तिच्यात बसले होते, असं कुटुंब पुण्यात सहज सापडेल. प्राणी मात्र तिथे नाहीत. ते कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात गेले. कात्रजला बुधवारी जाऊ नका, बंद असतं. आणि परिसर मोठा असल्यामुळे मुलांना जे सगळ्यात जास्त बघायचंय तिकडे आधी जा, नाहीतर वाघापर्यंत पोचेस्तोवर मूल खांद्यावर येतं.

पावसाळी रविवारांसाठी दोन जागा राखून ठेवा. एक, कोथरूडमधलं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय. छोटंसं शहर, बोगदे, पूल, आणि अंधार केल्यावर लागणारे दिवे. पाच ते दहा वयाच्या मुलांना तिथून बाहेर काढावं लागतं. दुसरी, शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय. दिनकर केळकरांनी आपल्या लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने ते उभं केलं. मुलांना घेऊन सगळी दालनं बघायचा हट्ट धरू नका. घरून निघतानाच खेळ ठरवा : सगळ्यात विचित्र आकाराचा अडकित्ता कोण शोधतं, प्राण्याच्या आकाराचे दिवे किती सापडतात, वज्री म्हणजे काय हे कोण आधी सांगतं. कोथरूडहून हलवून तिथे पुन्हा उभारलेला मस्तानी महालही दाखवा. तासाभरात बाहेर पडा.

एम्प्रेस गार्डनला डबा घेऊन जा. तिथल्या झाडांवर चढलेल्या प्रचंड वेली बघून मुलांची बडबड क्षणभर थांबते, एवढं सांगते. जानेवारीअखेरीस तिथे फुलांचं प्रदर्शन भरतं. गर्दी टाळायची असेल तर शनिवार-रविवार सोडून जा.

वर्षाचं चक्र

क्लासपेक्षा, सहलींपेक्षा जास्त ओळखी या दिवसांत होतात. तारखा तिथीप्रमाणे बदलतात, तेव्हा घरात कालनिर्णय टांगा.

जून-जुलैत ज्ञानेश्वर आणि तुकाराम महाराजांच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात, माउलींची भवानी पेठेत पालखी विठोबा मंदिरात आणि तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला. लहान मुलांना घेऊन गर्दीत दर्शनाला घुसण्यापेक्षा आपल्या भागातून दिंड्या जातात का ते विचारा आणि सोसायटीतून राजगिऱ्याचे लाडू, केळी किंवा पाणी वाटायला जाणाऱ्यांच्या मागे लागा. मुलांच्या हातात लाडूंची टोपली द्या. एका सकाळीत ती सोसायटीतल्या सगळ्या काका-काकूंना ओळखू लागतात.

गणपतीतले सोसायटीचे कार्यक्रम लोक 'बघायला' जातात. नव्या घराने बघायला जाऊ नये, कामाला जावं. नाच-नाटुकल्यांच्या तालमी महिनाभर आधी सुरू होतात. नावं द्यायची शेवटची तारीख जुलै-ऑगस्टमध्येच विचारून ठेवा. मूल रंगमंचावर जायला लाजत असेल तर पडदा ओढणं, गाणं लावणं, वेशभूषेच्या पिशव्या सांभाळणं, ही कामं मागून घ्या. तालमींच्या त्या महिन्यात जेवढी मैत्री होते तेवढी शाळेत वर्षभरात होत नाही. मानाचे पाच गणपती आणि देखावे बघायला लहान मुलांना न्यायचं तर पहिल्या तीन-चार दिवसांत, सकाळी न्या. खिशात नाव आणि आई-बाबांचा नंबर लिहिलेला कागद हवाच, आणि हरवलंस तर पोलीस काका किंवा मंडळाच्या मांडवातल्या माणसाकडे जायचं, हे घरून निघताना सांगा.

नवरात्रात भोंडला. पाटावर हत्ती, भोवती फेर, आणि शेवटी डबा हलवून खिरापत ओळखायची. आता फेरात मुलगेही असतात, असावेतच. एक दिवस खिरापतीची पाळी आपणहून मागून घ्या आणि तुमच्या गावाकडचं काहीतरी करा. "गोड की तिखट? तळलेलं की वाफवलेलं?" असं विचारून विचारून पुण्यातली मुलं थकली आणि तरी ओळखता आलं नाही, तर तुमच्या मुलीचा भाव पुढचे आठ दिवस वधारलेला राहतो.

आणि मग दिवाळीचा किल्ला. पहिल्या वर्षी एकच गोष्ट करायची असेल तर ही करा.

सहामाहीचा शेवटचा पेपर झाला की त्याच संध्याकाळी मुलांना जमवा. जागा आधी सेक्रेटरींना विचारून ठरवा. पार्किंगच्या कडेला, भिंतीलगत, जिथे पाणी सांडलं तरी कोणी ओरडणार नाही. मोठ्यांचं काम इथेच संपतं, हे स्वतःला बजावा. नाहीतर बाबा लोक ऑफिसचा सगळा राग किल्ल्यावर काढतात आणि मुलं बाजूला उभी राहून पाणी आणून देतात.

सामान साधंच लागतं. विटांचे तुकडे, दगड, दोन-तीन जुनी गोणपाटं, चार-पाच घमेली माती, थोडा गेरू, अळीव. आधी कुठला गड ते मुलांना ठरवू द्या, नकाशा कागदावर काढायला लावा. राजगड केला तर मधोमध बालेकिल्ला आणि तीन बाजूंना पद्मावती, संजीवनी, सुवेळा या माच्या, त्यामुळे तीन गट पडतात आणि भांडण कमी होतं. सिंधुदुर्ग करायचा तर भोवती पाणी टिकवायला खाली प्लॅस्टिकचा कागद अंथरावा लागेल. दगड-विटांचा ढीग रचला की गोणपाट मातीच्या दाट काल्यात पूर्ण बुडवून, निथळू न देता त्यावर टाकायचं आणि बोटांनी घड्या पाडायच्या. त्या घड्यांचेच कडे होतात. वर चाळलेली माती थापायची. पायऱ्या, बुरूज, तटबंदी ओल्या मातीतच करून घ्यायची, वाळल्यावर तडे जातात. गुहा एक हवीच, वाघासाठी.

अळीव वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी पेरा. बी ओलं झालं की बुळबुळीत होऊन हाताला चिकटतं, म्हणून ते कोरडंच भुरभुरवायचं, माती ओली हवी. पाणी पाइपने घातलं तर सगळं बी पायथ्याशी वाहून जातं आणि हिरवळ फक्त खंदकात उगवते. हाताने शिंपडा, सकाळ-संध्याकाळ. कोणी शिंपडायचं याची यादी मुलं स्वतः करतात आणि ती यादी शाळेच्या हजेरीपेक्षा कडक असते.

मावळे आणायला सगळी टोळी घेऊन कसब्याजवळच्या कुंभारवेशीत जा. महाराज सिंहासनावरचे घ्यायचे की घोड्यावरचे, तोफा किती, गवळण आणि वाणी हवा की नको, यावर तिथे उभ्या उभ्या सभा भरते. महाराज सगळ्यात वर, पहारेकरी दरवाजाशी, शेतकरी आणि विहीर पायथ्याला. कुणाचा तरी प्लॅस्टिकचा डायनोसॉर जंगलात शिरतोच. शिरू द्या. संध्याकाळी पणत्या लागल्या की मुलांना किल्ल्यापाशी उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना माहिती सांगायला लावा : हा कुठला दरवाजा, इथून काय दिसतं. चार दिवसांत तुमचं मूल सोसायटीतल्या झाडून सगळ्यांशी बोललेलं असतं. पहिली सुट्टी संपल्यावर जमलं तर तोच गड प्रत्यक्ष बघायला सगळ्यांना घेऊन जा. राजगड लहानग्यांना दमवणारा आहे, तेव्हा त्यांच्यासाठी सिंहगड.

संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत पाचाच्या आतल्या मुलांचं बोरनहाण. काळं झबलं, हलव्याचे दागिने, आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, गोळ्या-बिस्किटं. खालची सगळी मुलं बोलवा. जागा कमी पडली तर जिन्यासमोर सतरंजी टाका. दोन वर्षांखालची मुलं हलवा आणि शेंगदाणे उचलून तोंडात घालतात आणि ते घशात अडकू शकतं, म्हणून त्यांच्याजवळ एक मोठं माणूस नुसतं लक्ष ठेवायला बसवा.

२८ फेब्रुवारी, राष्ट्रीय विज्ञान दिन. रामन परिणामाचा शोध १९२८ मध्ये याच दिवशी जाहीर झाला. या सुमारास विद्यापीठाच्या आवारातली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था सगळ्यांसाठी दारं उघडते. जयंत नारळीकर तिचे संस्थापक-संचालक, आणि टाकाऊ वस्तूंतून खेळणी करायला शिकवणारे अरविंद गुप्ता यांनी तिथल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात अनेक वर्षं काम केलं. त्यांच्या खेळण्यांची माहिती आणि चित्रफिती मराठीतही फुकट मिळतात. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे एवढ्यावर एक रविवार निघतो. विज्ञान दिनाला रांग लांब असते, तेव्हा पाणी, टोपी आणि खाऊ घेऊन सकाळीच जा, आणि दोन-तीन घरांनी मिळून जा.

मे महिना

पहिल्या मे महिन्यात मुलांना जुन्या गावी जाऊ द्या, निदान पंधरा दिवस. तिथले मित्र तुटलेले नाहीत हे त्यांना बघायचं असतं. जमलं तर इथला एखादा मित्र सोबत न्या, त्याच्या आईची परवानगी असेल तर.

उरलेल्या सुट्टीसाठी दिवसभराच्या महागड्या शिबिरांपेक्षा पोहणं बघा. महापालिकेच्या आणि संस्थांच्या तलावांवरच्या उन्हाळी बॅचेस मार्चअखेरीसच भरू लागतात. सकाळची पहिली बॅच आधी भरते. खालच्या तीन-चार मुलांनी एकच बॅच घेतली तर नेण्या-आणण्याची पाळी लावता येते. फॉर्मसोबत डॉक्टरांचा दाखला, मुलाचे दोन फोटो आणि जन्मतारखेचा पुरावा लागतो, तेव्हा पहिल्या आठवड्यात केलेली ती फाइल बाहेर काढा. मुलींच्या टोप्या आणि सगळ्यांचे चष्मे आधीच घेऊन ठेवा. तलावाच्या दारात ते दुप्पट किमतीला मिळतात.